भरलेली गाडी जड असते, सैल नसते

"काका, गाडी ऐकत नाहीये. मी स्टेअरिंग फिरवतो, ती थोडा विचार करते आणि मग वळते."

हे सांगणारा मुलगा इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या ओळखीच्या घरातला. हेवीचं लायसन्स हातात येऊन जेमतेम चार महिने झालेले आणि दहा चाकी गाडी पहिल्यांदाच एकट्याच्या ताब्यात. पीथमपूरला माल भरून ग्वाल्हेरला निघाला होता. बायपासवर वेगाचा काटा पन्नासच्या पुढं गेला की गाडी डावी-उजवीकडं लहरायला लागे. घाबरून त्यानं वेग तीसवर आणला आणि तसाच रांगत देवास नाक्याला माझ्या दुकानापाशी येऊन उभा राहिला. माझं काम ट्रकचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा, बदलण्याचं आणि व्हील अलाइनमेंटचं. त्यानं वाटेतच त्याला गाडी शिकवणाऱ्या उस्तादाला फोन लावला होता. उस्ताद म्हणाला, "भरी गाड़ी ऐसी ही चलती है रे, आदत पड़ जाएगी."

या वाक्यावर माझा जुना राग आहे. भरलेली गाडी वेगळी वागते हे खरंच. ती उशिरा वेग घेते, उशिरा थांबते, चढावर धापा टाकते, स्टेअरिंग जड लागतं. हे सगळं जडपणाचं. पण सरळ रस्त्यावर लहरणं, स्टेअरिंग उलट हलकं लागणं, ब्रेक दाबला की एका अंगाला ओढणं, वळण संपून गेलं तरी डोलत राहणं, हा सैलपणा. वजनानं गाडी सुस्त होते. सैल होते ती दुसऱ्याच कशानं तरी, आणि ते काय आहे ते शोधता येतं. नव्या ड्रायव्हरला हा फरक कळत नाही, कारण तुलना करायला त्याच्याकडं दुसरी भरलेली गाडी नसते. शिकताना त्यानं रिकामीच चालवलेली असते. आणि नवा असल्यामुळं त्याला आधी वाटतं की चूक आपल्याच हाताची.

मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो हाच: पीथमपूरला जाताना रिकामी कशी चालत होती?

"एकदम सरळ."

मग गाडीखाली शिरण्याआधी माल बघायचा. रिकामी सरळ आणि भरल्यावर वाकडी, तर पहिला संशय मालावर. रिकामीही ओढत असेल, तर गाडीवर. अर्थात हा नियम पक्का नाही, काही दोष वजन आल्याशिवाय तोंड उघडत नाहीत. पण सुरुवात इथूनच करावी.

वजन बरोबर, जागा चूक

त्याच्याकडं वजनकाट्याची पावती होती: एकूण २६,४०० किलो. ती त्यानं माझ्यापुढं धरली, जणू माझी तक्रार असणार आणि तिला हे उत्तर. तीन ॲक्सलच्या, म्हणजे चाकांच्या तीन आसांच्या, दहा चाकी गाडीला एवढं वजन चालतं. २०१८ साली केंद्र सरकारनं ॲक्सलच्या मर्यादा वाढवल्या. पुढच्या दोन चाकी ॲक्सलला ७ टन, मागच्या आठ चाकांच्या दोन ॲक्सलच्या जोडीला २१ टन, म्हणजे मिळून २८. गाडीच्या मॉडेलच्या नंबरातले पहिले दोन आकडे बहुधा हेच एकूण टन सांगतात. त्या हिशेबानं पोराचं वजन दीड टनानं कमीच होतं.

पण मर्यादा एकूण वजनाची असते तशी प्रत्येक ॲक्सलचीही असते, आणि गाडी कशी वागते ते ठरतं दुसऱ्या आकड्यावर. शेजारच्या धर्मकाट्यावर आम्ही फक्त पुढची चाकं चढवली आणि थांबलो. आकडा आला २,९८०. म्हणजे मागं २३,४२०. मागच्या जोडीवर जवळपास अडीच टन जास्त आणि पुढं, जिथं स्टेअरिंग आहे तिथं, निम्म्याहून कमी. हीच गाडी रिकामी असते तेव्हा पुढच्या ॲक्सलवर साधारण ४,४०० असतात. साडेसोळा टन माल चढवला आणि पुढचं वजन वाढण्याऐवजी जवळजवळ दीड टनानं घटलं!

ज्यांच्या घरी कधी बैलगाडी होती त्यांना हे एका शब्दात कळेल. गाडी उलाळ झाली. मागं जास्त भरलं की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या मानेवरचं ओझं निघून जातं. माझे आजोबा उलाळ गाडीत पुढं माणूस बसवायचे, तेवढ्यानं भागायचं. ट्रकला हेच होतं, फक्त जू दिसत नाही. मागच्या दोन ॲक्सलचा मधला बिंदू हा टेकू. त्याच्या पुढं ठेवलेलं वजन थोडं पुढच्या चाकांवर जातं, मागं ठेवलेलं वजन पुढची चाकं उचलतं. टेकूपासून पुढच्या ॲक्सलपर्यंतचं अंतर पाचेक मीटर धरा. साडेसोळा टन मालाचा मध्य टेकूच्या मागं फक्त दीड फूट सरकला, तरी पुढून जवळजवळ दीड टन उचलले जातात. दीड फूट! हमालाच्या दोन पावलांइतकंही नाही.

टायर रस्त्याला धरतं ते वजनानं. पुढची चाकं हलकी झाली की स्टेअरिंग फिरतं, चाकं फिरतात, पण रस्ता त्यांना पुरता धरत नाही. म्हणून गाडी "विचार करून" वळते. ड्रायव्हर आणखी फिरवतो, मग ती एकदम जास्त वळते, तो उलट फिरवतो, आणि लहरणं सुरू होतं. वेग वाढला की प्रत्येक लहर मोठी. पावसात हे कसं होईल ते मी त्याला सांगितलं नाही, त्याचा चेहरा आधीच उतरला होता.

ताडपत्री सोडली. मशिनच्या सुट्या भागांच्या बारा लाकडी पेट्या, प्रत्येक अकराशे किलोच्या आसपास, फाळक्यापाशी, म्हणजे हौद्याच्या मागच्या दारापाशी, एकावर एक अशा दोन थरांत. पुढचा दोन-तृतीयांश हौदा हलक्या खोक्यांनी भरलेला. असं का? फोर्कलिफ्टचा हात मागून जेवढा आत पोचला तेवढ्या जागेत पेट्या ठेवल्या, पुढं ढकलायला कुणी नव्हतं, आणि खोकी आधीच चढलेली होती. यात कुणाची लबाडी नव्हती. भरणाऱ्याला हौदा भरायचा असतो, गाडी चालवायची नसते.

हायड्रा क्रेन बोलावली. पेट्या एकाच थरात हौद्याच्या मधोमध, टेकूच्या जरा पुढं मध्य येईल अशा मांडल्या. खोकी त्यांच्या पुढं, मागं आणि वर. पेट्यांच्या चारी अंगांना लाकडाचे ठोकळे ठोकले, म्हणजे ब्रेकच्या वेळी घसरायला नकोत. पुन्हा काटा: पुढं ५,७८०, मागं २०,६२०. एकूण तेच २६,४००. एक किलो कमी केला नाही.

आता, सगळं पुढं लोटलं की झालं, असंही नाही. पेट्या केबिनच्या भिंतीला चिकटवल्या असत्या तर पुढच्या ॲक्सलवर ७ टनांच्या वर गेलं असतं. मग स्टेअरिंग दगडासारखं, ब्रेक दाबला की नाक खाली आणि पुढचा टायर तापून फुटायची भीती. पुढचा टायर फुटणं हे मागचा फुटण्यापेक्षा फारच वाईट, कारण मागं जोडीदार असतो, पुढं नसतो.

डोलणं आणि कलंडणं

माल पुढं-मागं बरोबर असला तरी वर किती गेला हे उरतंच. निमाडातला कापूस, खरगोनकडून येणाऱ्या गाठी, उंच भरल्या जातात. सोयाबीनची पोती तेवढ्याच वजनाला निम्म्या उंचीत बसतात. दोन्ही गाड्या काट्यावर सारख्या, वळणावर अजिबात सारख्या नाहीत.

वळताना गाडीला बाहेर फेकणारं बल वेगाच्या वर्गानं वाढतं. ४० वरून ६० वर गेलात तर वेग दीडपट, पण ढकलणी सव्वादोनपट. छोटी कार अशा वळणावर आधी घसरते. उंच भरलेला ट्रक घसरायच्या आधी कलंडतो, आणि कलंडणं कळतं तेव्हा आतली चाकं उचललेली असतात. पन्नास मीटर त्रिज्येचं वळण घ्या, साधारण बायपासवरून उतरणाऱ्या रस्त्याचं असतं तसं. चांगल्या भरलेल्या ट्रकची कलंडायची हद्द तिथं ताशी ४७ किलोमीटरच्या आसपास येते. माल उंच असेल तर ४० लाच. कार तिथून ६० नंही न कलंडता जाते आणि ट्रकवाल्याच्या मागं हॉर्न वाजवते. वाजवू द्यावा. आणि हे आकडे कोरड्या रस्त्याचे, न हललेल्या मालाचे, धड पाट्यांचे आहेत, म्हणून त्यांच्या जवळही जायचं नाही.

अर्धा भरलेला टँकर हा याचा सगळ्यात वाईट प्रकार. पूर्ण भरलेल्यात दूध किंवा तेल हलायला जागाच नसते. अर्ध्यात ते वळणावर एका भिंतीला चढतं, आणि तुम्ही स्टेअरिंग सरळ केलं की उशिरानं परत येऊन दुसऱ्या भिंतीवर आदळतं. आत आडव्या जाळ्या असतात, पण त्या पुढं-मागं हिंदकळणं कमी करतात, आजूबाजूचं नाही. नव्या माणसाला पहिली खेप अर्ध्या टँकरची देऊ नये असं माझं मत आहे. देतात.

ट्रेलरवाल्यांना आणखी एक सांधा सांभाळायचा असतो. घोडा (ओढणारी पुढची गाडी) आणि ट्रेलर जोडणाऱ्या प्लेटमधला ढिलेपणा, आणि ट्रेलरचे ब्रेक घोड्याच्या आधी लागतात की नंतर. नंतर लागत असतील तर मागचा माल घोड्याला ढकलतो आणि गाडी चाकूसारखी दुमडते. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता गाडीखाली

माल नीट बसवूनही लहर राहिली, तर गाडी. इथं मी लांबलचक यादी देत नाही, दुकानात जे वारंवार सापडतं तेवढंच सांगतो.

मागच्या जोडचाकांतलं आतलं टायर बसलेलं असणं. बाहेरून काही दिसत नाही, बाहेरचं टायर एकटं दोघांचं ओझं वाहत असतं आणि तापत असतं. म्हणून जुने खलासी प्रत्येक थांब्यावर टॉमीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, टायर वाजवत फिरायचे. हवा असलेलं टणकन वाजतं आणि टॉमी उसळते. बसलेलं 'भद्' असा आवाज करतं. हे काम हल्लीची पोरं टाळतात, कारण ते हमालीचं वाटतं. हवेच्या मीटरनं बघणं उत्तम, पण टॉमी कधीही हाताशी असते.

दुसरं, पाट्यांचा सेंटर बोल्ट. पाट्यांची थप्पी ॲक्सलवर नेमक्या जागी बसवतो तो हा बोल्ट. थप्पी ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट ढिले झाले की सगळा मार याच्यावर येतो आणि तो तुटतो. मग एका बाजूचं ॲक्सल जरासं मागं सरकतं. गाडी दिसते सरळ, पण चालते खेकड्यासारखी, नाक एकीकडं आणि शेपूट दुसरीकडं. ओळखायचं सोपं आहे. दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप धरा. बोटभर फरक निघाला तर गाडी पुढं नेऊ नका. टेप नसेल तर धुळीच्या मैदानात सरळ वीस मीटर चालवा आणि उतरून चाकोऱ्या बघा. मागची चाकोरी पुढचीच्या दोन्ही बाजूंना सारखी पडायला हवी. रिकाम्या गाडीत हा दोष लपून राहतो, भरल्यावर बाहेर येतो. म्हणूनच वर म्हटलं की "रिकामी सरळ" हा शेवटचा पुरावा नाही.

स्टेअरिंगचा प्ले, म्हणजे मोकळी फिरत. इंजिन चालू ठेवून, चाकं सरळ ठेवून, स्टेअरिंग हळू हलवायचं आणि खाली कुणाला तरी चाकाकडं बघायला सांगायचं. वीस इंची स्टेअरिंगवर दोन इंचांपेक्षा जास्त फिरूनही चाक हललं नाही, तर टाय रॉडचे सांधे, किंग पिन, स्टेअरिंग बॉक्स यांपैकी काहीतरी झिजलंय. मग लहर मालाची नसते, हाताचीही नसते.

आणि ब्रेक दाबल्यावरच एका बाजूला ओढत असेल, बाकी वेळी ठीक असेल, तर ब्रेक दोन्ही बाजूंना सारखे धरत नाहीत. वीसेक किलोमीटर चालवून थांबा आणि प्रत्येक चाकाच्या हबजवळ हाताची मागची बाजू न्या. टेकवू नका, भाजाल. एक हब बाकींपेक्षा फार तापलेला असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. एक अगदी थंड असेल तर तिथला लागतच नाहीये. दोन्ही वाईट, घाटात दुसरं जास्त.

घाट

इंदूरहून खाली जाणारा प्रत्येक जण कधी ना कधी धामनोदच्या अलीकडचा गणपती घाट उतरलेला असतो. माळव्याचं पठार तिथं संपतं आणि आग्रा-मुंबई रस्ता नर्मदेच्या खोऱ्यात पडतो. ब्रेक फेल होऊन गाड्या आदळण्यासाठी हा उतार इतका बदनाम झाला की तिथं कमी उताराचा नवा रस्ता काढावा लागला. खंडव्याच्या वाटेवर सिमरोलपुढचा भैरव घाट आहे, सेंधव्यापुढं बिजासनचा.

"ब्रेक फेल" हा शब्द जरा फसवा आहे. बहुतेक वेळा काही तुटत नाही, ब्रेक तापून धरेनासे होतात. हिशेब करून बघा. २८ टनांची गाडी शंभर मीटर उंचीवरून खाली आली, तर त्या उतरण्याची सगळी ताकद कुठंतरी जायला हवी. ती फक्त ब्रेकमध्ये गेली, तर एवढ्या उष्णतेत नळाचं पाणी घेतलं तर पंचाऐंशी-नव्वद लिटर उकळेल. चुलीवर तेवढं पाणी उकळायला लग्नघरातही वेळ लागतो, इथं तेवढी उष्णता दोन-चार मिनिटांत ब्रेकच्या ड्रममध्ये ओतायची. ड्रम तापून फुगतो, लायनर गुळगुळीत होतो, पाय तळाला टेकतो आणि गाडी तशीच पळते.

उपाय म्हणजे ती ताकद इंजिनात जिरवणं. खालचा गिअर टाकायचा, आणि तो उतार सुरू व्हायच्या आधी, वर सपाटीवर. अर्ध्यात गिअर पाडायला गेलात आणि तो पडला नाही तर गाडी न्यूट्रलमध्ये राहते, आणि मग पुढचं बोलायला नको. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडी मंदावणारा ब्रेक, चालू. पायाचा ब्रेक सतत दाबून धरायचा नाही. घट्ट दाबून वेग दहानं खाली आणायचा आणि पूर्ण सोडून द्यायचा. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारणारे अजूनही आहेत. जितकं डिझेल वाचतं त्यात माझ्या दुकानातला चहाही येत नाही.

उतारावर असो की सपाटीवर, गाडी लहरायला लागली तर ब्रेकवर उभं राहू नका आणि उलट्या बाजूला स्टेअरिंग झटकू नका. ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवा, गाडीला आपोआप मंदावू द्या. लहर थांबली की डावीकडं घ्या, पार्किंग लाइट लावा, उतरा.

सेठला काय सांगायचं

उतरल्यावर खरी अडचण सुरू होते. फोनवर सेठ, म्हणजे गाडीचा मालक, म्हणतो, माल लेट होईल. नव्या पोराला नोकरी टिकवायची असते, घरचे हप्ते असतात, आणि जुन्यातली जुनी गाडी बहुधा त्याच्याच वाट्याला आलेली असते. त्यानं "मला भीती वाटतेय" म्हटलं तर सेठ भीती घालवायला निघतो. म्हणून भीती सांगू नका, आकडा सांगा. "पुढं २,९८०, मागं २३,४२०. मागच्या ॲक्सलची हद्द २१ टन." काट्याच्या दोन्ही पावत्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाका, हौद्याचा फोटो टाका, म्हणजे वेळ आणि तारीख राहते.

कायदाही थोडा मदतीला येतो. मोटार वाहन कायद्याच्या १९४ व्या कलमात २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २० हजार दंड आहे, वर प्रत्येक जादा टनामागं २ हजार, आणि जादा माल उतरवण्याचा खर्च वेगळा. तो फक्त चालवणाऱ्याला नाही, चालवायला लावणाऱ्यालाही लागतो. हे वाक्य सेठला नम्रपणे आठवण करून देण्यासारखं आहे. माझ्या समोर पोरानं तेच केलं, हिंदीत, आवाज थरथरत होता पण आकडे बरोबर म्हणाला. पलीकडं बराच वेळ शांतता होती. मग सेठनं हायड्राचं भाडं किती ते विचारलं. ते त्यानं दिलं की माल भरणाऱ्या कारखान्याकडून वसूल केलं, मला माहीत नाही, मला माझे काट्याचे पैसे मिळाले.

पोराला निघताना एकच सांगितलं की पहिल्या पंचवीस किलोमीटरनंतर थांबून रस्से आणि ठोकळे बघ, कारण माल पहिल्या तासातच बसतो आणि तेव्हाच रस्से सैल पडतात. देवास ओलांडून त्यानं ते बघितलं, दोन रस्से पुन्हा आवळले. रात्री साडेनऊला शाजापूरच्या पुढून त्याचा फोन आला.

"काका, सरळ चाललीय. पण आता स्टेअरिंग जरा जडच लागतंय, काही बिघडलं नाही ना?"

"नाही रे," म्हटलं, "पुढच्या चाकांवर वजन आलंय."